बंदर सणसर

सणसरला समुद्र नाही. भूगोलाची शिक्षिका म्हणून एवढं मी खात्रीनं सांगू शकते. तरीही मी तिथं भाड्यानं राहत होते त्या चार वर्षांत गावातल्या निम्म्या उसाच्या ट्रॉल्यांच्या पाठीवर, नावाखाली, सुबक अक्षरांत लिहिलेलं असायचं : बंदर सणसर. बाहेरगावचं गिऱ्हाईक आलं की त्याला त्याचं बंदर मिळायचं. बंदर कन्हेरी. बंदर लोणी भापकर. लोणी भापकर माझं माहेर. उन्हाळ्यात जिथं टँकरची वाट बघत बसायचो त्या माझ्या माहेराला कुणीतरी बंदर करून टाकलंय हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी स्कूटी बाजूला घेऊन एकटीच हसले होते.

हा उद्योग माझ्या घरमालकांचा. सगळे त्यांना तात्या म्हणायचे, मीही तेच म्हणायचे. पाठीमागं गाव त्यांना कप्तान म्हणायचं, आणि त्यात आदर चार आणे आणि थट्टा बारा आणे असायची. रस्त्याकडेला खाली त्यांचं रंगकामाचं दुकान, वर माझी खोली, शेजारी अंगण आणि त्यांचं घर. माझा नवरा तेव्हा चाकणला नोकरीला होता, मी इथं. टर्पेंटाइनच्या वासात मी चार वर्षं पेपर तपासले. पोरं म्हणायची, बाईंनी दिलेल्या मार्कांनापण वास येतो. गेल्या वर्षी तात्या गेले. तेव्हापासून लिहीन लिहीन म्हणत होते, ते आज बसले.

मेंढरामागं फिरणाऱ्या घरातला त्यांचा जन्म. एका साली वडलांच्या कळपाबरोबर कोकणात उतरलेला हा मुलगा परत घाट चढलाच नाही. मुंबईला गेला, गोदीत रंगाचे डबे वाहायला लागला, आणि तिथून एका इंग्रजी कंपनीच्या प्रवासी जहाजावर रंगारी म्हणून चढला. पुढची तीसेक वर्षं त्यांनी तेच केलं. जहाज बंदरात लागलं की कठड्यावरून दोर सोडून फळी टांगायची आणि तिच्यावर बसून जहाजाच्या अंगाला रंग द्यायचा. आत गोऱ्या पाहुण्यांची मेजवानी चाललेली, बाहेर फळीवर तात्या.

"मी जहाज भाईरनं बगितलं, बाई," ते मला सांगायचे. "आतनं काय, तिकीट काढल्यालं कुनीबी बगतो."

मी सुरुवातीला त्यात दुःख शोधलं. शिकलेल्या माणसांना ती खोड असते. पण तात्यांच्या बोलण्यात दुःख नव्हतं, चांगली घसघशीत गुर्मी होती, आणि मला ती फार आवडायची.

दुपारी चार वाजले की दुकानात काम बंद. अर्धं अक्षर झालेलं असो, गिऱ्हाईक घाईला आलेलं असो, तात्या ब्रश टांगायचे आणि चहा घ्यायचे. कंपनीच्या जहाजावर चहा चारला म्हणजे चारला. चहाबरोबर कंपनीचा इतिहास यायचा, तो ऐकल्याशिवाय ट्रॉली मिळत नसे.

"आदी कंपनी टपाल वाहायची," ते सुरू करायचे. "विलायतेतनं हिकडं कागदं, सायेब आन् सायबांच्या मडमा. मग इमानं आली. इमानानं टपाल नेलं, सायेब नेलं, मडमा नेल्या. जहाजं रिकामी. करायचं काय? तवा कंपनीतला कुनीतरी डोकेबाज म्हनला, आता लोकास्नी कुठं न्यायाचंच न्हाय. नुसतं फिरवून आनायचं."

समोरचा ट्रॉलीवाला हटकून विचारायचा, "म्हंजी पैशे देऊन परत तितंच?"

"तितंच."

"आन् लोक जायाचे?"

"रांगा लागायच्या."

ट्रॉलीवाला विचारात पडायचा. कारखान्यावर तोही रांगा लावून परत तिथंच येत होता, पण त्याला कुणी चहा विचारत नव्हतं.

कंपनीची जहाजं तात्यांच्या तोंडी माणसांसारखी असायची. खरी नावं इंग्रजी आणि लांबलचक होती, म्हणून त्यांनी घरातली नावं ठेवलेली. थोरली, मधली, धाकटी. थोरली वाफेवर चालायची, तिच्या डेकला ब्रह्मदेशचं सागवान होतं, आणि पहाटे त्यावरून अनवाणी चाललं की देवळात चालल्यागत वाटायचं. मधलीचं जुनं इंजिन काढून डिझेलचं बसवलं, तेव्हापासून ती थरथरायची. "म्हातारपनी आपरेशन मानवत न्हाय," हे त्यावर तात्यांचं मत. धाकटी सगळ्यांत देखणी. तिघींची धुरांडी एकाच रंगाची, गर्द हिरवी आणि टोकाला पांढरी पट्टी. पुढं थोरली गुजरातच्या किनाऱ्यावर मोडीत गेली. मधली एका ग्रीक मालकानं घेतली आणि पहिल्याच दिवशी तिचं धुरांडं काळं केलं. धाकटी कुठल्याशा बंदरात हॉटेल होऊन बांधलेली आहे. हे सांगताना तात्यांचा चहा गार व्हायचा. मग ते नव्या जहाजांवर यायचे. कंपनी आता एका बड्या अमेरिकन घराण्याच्या हातात गेली होती आणि नवी जहाजं वीस-वीस मजल्यांची निघाली होती.

"ती जहाजं न्हाईत बाई, हडपसरच्या सोसायट्या हायत," ते म्हणायचे. "पन चा अजून चारलाच देत्यात. चौकशी केलीया मी."

माझा आधी विश्वास नव्हता. गावातही म्हणायचे, कसलं जहाज, मुंबईत हॉटेलात भांडी घासली असतील. म्हणून एकदा मी शाळेतला नकाशांचा मोठा ॲटलास घेऊन खाली गेले. म्हटलं, घेऊ या तोंडी परीक्षा. लिस्बन सांगा.

"धक्का चांगला. सकाळचं ऊन जहाजाच्या अंगावर येतं. रंग दोन तासात हाताला लागत न्हाय."

सिंगापूर?

"तितं रंग देऊच नये. सकाळी दिला तर संध्याकाळी चिकाट. हवा वली."

पोर्ट सैद?

"रंग लगीच वाळतो, पन वाळू बसती. हात फिरवला तर पालिश पेपर."

पालिश पेपर म्हणजे लाकूड घासायचा खरखरीत कागद हे मला नंतर कळलं. पण त्या दिवशी मी ॲटलास मिटला. त्या शहरांतली एकही इमारत त्यांना सांगता येत नव्हती. राजधानी, नदी, लोकसंख्या, काही नाही. अख्खी पृथ्वी त्यांना रंग वाळायला किती वेळ लागतो यावरून पाठ होती. हवेतल्या बाष्पाचा धडा मी तेव्हापासून त्यांच्याच पद्धतीनं शिकवते. पोरांना तो एकच धडा नीट येतो.

आता मुख्य गोष्टीकडे येते, ती म्हणजे रेघ.

जहाजाच्या पोटावर, पाण्याच्या थोडं वर, एक गोल रंगवलेला असतो आणि त्यातून एक आडवी रेघ जाते. माल भरा, माणसं भरा, पाणी त्या रेघेला लागलं की थांबायचं. ही रेघ कशी आली तेही तात्या सांगायचे. "पूर्वी इंग्लंडातलं मालक जहाज बुडंस्तवर भरायचं. बुडालं तरी मालकाला इमा मिळायचा. मरायचं कोन? खलाशी. मग त्यांच्या पार्लमेंटात एक मानूस ह्या रेघंपायी भांडला. लई वर्सं भांडला. म्हून मी त्या रेघंला ब्रश लावायच्या आदी हात धुयाचो."

उसाच्या ट्रॉल्या आमच्याकडं कशा भरतात ते ज्यांनी पाहिलंय त्यांना पुढचं सांगायला नको. ट्रॉलीपेक्षा ट्रॉलीवरचा ऊस मोठा असतो. कालव्याच्या पुलावर वळताना तो एका बाजूला कलतो आणि मागून येणारा देवाचं नाव घेतो. वजनावर भाडं, त्यामुळं कुणीच कमी भरत नाही. जहाजावरून परत आल्यावर तात्यांनी दुकान टाकलं आणि पहिल्या ट्रॉलीपासूनच पुढच्या उंच लोखंडी चौकटीवर गोल काढून पांढरी रेघ मारायला सुरुवात केली. एक नव्हे, दोन. वरची कोरड्या रस्त्याला, खालची कालवा पाझरून रस्ता ओला झाला असेल तेव्हा. गोड्या पाण्याला आणि थंडीतल्या समुद्राला जहाजावर वेगळ्या रेघा असतात, तशा. मागच्या फळीवर शेरोशायरी लिहायची नाही. जहाजाच्या पाठीवर असतं तसं फक्त नाव आणि बंदर. आणि अट एकच : "रेघंच्या वर भरनार असशील तर रंग दुसरीकडनं घे."

लोक हसले. पण तात्यांचा रंग तीन पावसाळे हलत नसे, म्हणून हसत हसत आले. आणि मग हळूहळू एक गंमत झाली. कारखान्याच्या रांगेत या ट्रॉल्या ओळखू यायला लागल्या. बाकीच्यांचा ऊस इकडंतिकडं लोंबतोय आणि यांचा रेघेत, दोरीनं आवळलेला, जसा काही इस्त्री करून आणलाय. ड्रायव्हर सांगायला लागले, आपली कंपनीची हाय. शाळेतल्या पोरांना घरून ताकीद असायची की रस्ता ओलांडायचा तर कप्तानाच्या ट्रॉलीपुढून ओलांडा. बारा आण्यांची थट्टा चार आण्यांवर आली. तात्यांनी दुकानाच्या भिंतीवर सगळा ताफा लिहिला, नाव आणि गाव. जो ऐकत नसे त्याला दोनदा सांगायचे. तिसऱ्यांदा करड्या रंगाचा डबा घेऊन जायचे आणि त्याच्या ट्रॉलीवरचा गोल, रेघा, नाव, बंदर, सगळं पुसून टाकायचे, जहाज विकताना कंपनी पुसते तसं.

असे दोघं झाले होते. तिसरा त्यांचा पुतण्या निघाला.

हा थोरल्या भावाचा मुलगा. भाऊ गेला तेव्हा तो दहावीत होता. तात्यांची बायको फार पूर्वीच वारलेली, मूलबाळ नाही. तात्यांनी पुतण्याला आणि वहिनींना आपल्या घरात आणलं आणि त्याच्यावर जीव टाकला. त्यानं ट्रॉली घेतली तेव्हा तात्यांनी आठ दिवस दुकानात दुसरं काम घेतलं नाही. गर्द हिरवा रंग, वर पांढरी पट्टी, आणि मागं नाव लिहिलं : थोरली. पोरगा कष्टाळू, पण त्याला घाई. शेजारचा दीडपट भरतो आणि आपण रेघेत, हे त्याला सोसेना. दोनदा सांगून झालं. तिसऱ्या वेळी तात्या सायकलवर डबा अडकवून कारखान्याच्या रांगेत गेले आणि सगळ्यांदेखत थोरली पुसली. पुतण्या ट्रॅक्टरच्या सीटवर बसून होता, त्यानं मान वळवली नाही. मला हे दुसऱ्या दिवशी वर्गात पोरांनी सांगितलं, एकानं तर तात्यांचा हात कसा थरथरत होता त्याची नक्कल करून दाखवली. मी त्याला बाकावर उभं केलं.

त्यानंतर काका-पुतण्याचं बोलणं वहिनींमार्फत. दोघं एकाच पंगतीला बसायचे आणि हा म्हणायचा, "आये, त्यास्नी म्हनावं मीठ द्या."

अशात कन्हेरीचं स्थळ आलं. पोरगा मुलगी बघून आला होता, मुलीलाही तो पसंत होता. आता रविवारी मुलीचे वडील घर बघायला येणार होते. शेती करणाऱ्या पोरांची लग्नं आमच्याकडं कशी अडून बसतात हे सांगायला नको, त्यामुळं वहिनींची झोप उडाली. तात्यांचीही उडाली, फक्त ते दाखवत नव्हते. चार दिवस खपून त्यांनी सगळं घर रंगवलं. भिंती पांढऱ्या, खिडक्या हिरव्या, अंगणातल्या नळालासुद्धा दोन हात दिले. आणि त्या झगझगीत घरापुढं करड्या डागांची, बिननावाची ट्रॉली उभी.

वहिनी माझ्याकडं आल्या. "बाई, तुमचं ऐकत्यात. कन्हेरीचं लोक ट्रॉलीवालंच हायत, पुसल्याली ट्रॉली बगून काय म्हनतील? रविवारापुरता रंग मारा म्हनावं."

मी गेले. शिक्षिका असल्यानं मधला मार्ग काढायची मला सवय आहे. म्हटलं, तात्या, पाहुणे येऊन जाईपर्यंत फक्त. नंतर पुसा हवं तर.

"बाई," ते म्हणाले, "पास व्हावं म्हून तुमी कदी पोराला न लिवल्यालं गुन दिलं का?"

दिले होते, म्हणून मी डब्यांची झाकणं लावायला घेतली.

थोड्या वेळानं ते स्वतःहूनच बोलले. "त्याचं लगीन व्हावं असं माज्याएवढं कुनालाच वाटत न्हाय. पन दुसऱ्याची पोर त्या ट्रॉलीवर बसनार हाय. तिच्या बापाला मी खोटी रेघ कशी दावू?"

रविवारी सकाळी पाहुणे आले. घरात चार शिकलेली माणसं असावीत म्हणून वहिनींनी मला बसवलं होतं. अंगणात ट्रॉली भरून उभी होती, टोळीनं आदल्या दिवशी भरून ठेवलेली, दुपारी कारखान्यावर जायची. ऊस पुसलेल्या वरच्या रेघेच्याही हातभर वर. पुतण्या कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून दाराशी उभा. मुलीचे वडील उंच, टोपीवाले, कमी बोलणारे. चहा झाला. जेवायला थांबा म्हटल्यावर ते नुसते हात जोडून हसले. मग उठून अंगणात गेले आणि ट्रॉलीभोवती सावकाश एक फेरी मारून आले.

"तात्या, माजी ट्रॉली तुमीच रंगिवल्याली. ही पुसल्याली दिसतीया."

"व्हय."

आमच्या बाजूच्या एका शहाण्यानं मध्ये तोंड घातलं, "उन्हानं उडाला आसंल रंग."

"माजा रंग उडत न्हाय," तात्या म्हणाले. "मी पुसलीया."

वहिनींनी दाराची चौकट धरली. पाहुण्यांनी तात्यांकडं सरळ बघितलं. "मग तुमीच सांगा. पोरगा कसा हाय?"

या प्रश्नाचं उत्तर आमच्याकडं ठरलेलं असतं, आणि ते कुणी खरं मानत नाही. तात्यांनी मात्र आधी ट्रॉलीकडं बघितलं, मग पोराकडं. 

"कसलं येसन न्हाय," ते म्हणाले. "आयला जपतो. मी चारचौघात त्याची ट्रॉली पुसली, तवा माज्याशी बोलनं सोडलं त्यानं, पन उलट शबुद न्हाय काडला. दुसरा आसता तर हात धरला आसता माजा. लाखात एक पोरगं हाय. एकच हाय त्याचं. रेघंच्या वर भरतो."

 मला तात्यांचा भयंकर राग आला, खोटं कशाला सांगू. शेवटचं एक वाक्य गिळलं असतं तर काय बिघडलं असतं? पुतण्याचं तोंड लाल झालं होतं. तो वळला आणि ट्रॅक्टरकडं चालायला लागला. मला वाटलं, आता हा किल्ली फिरवून निघून जाणार आणि सगळं संपलं.

त्यानं मनगटावरचं घड्याळ काढून सीटवर ठेवलं. मग त्या पांढऱ्या शर्टासकट ट्रॉलीवर चढला, वरची दोरी सोडली आणि उसाची पहिली मोळी उपसून खाली टाकली. मग दुसरी. पाचटाची धूळ उडत होती, शर्टाची बाही फाटली, तो थांबला नाही. मुलीचे वडील काही वेळ बघत राहिले. मग टोपी खिशात घालून पुढं झाले आणि खाली पडणाऱ्या मोळ्या बाजूला ओढून रचायला लागले.

तात्या जागचे हलले नव्हते. माझ्याकडं न बघता म्हणाले, "बाई, दुकानातनं पांढरा आन् हिरवा घिऊन या. बारका ब्रश बी."

मी दुकानात गेले. ठेवलेल्या रंगावर एका दिवसात साय धरते, ती काठीनं फोडावी लागते, हे चार वर्षांत मला कळलेलं. म्हणून काठी घेऊनच झाकण उघडलं. साय नव्हती. दोन्ही डबे त्याच दिवशी सकाळी ढवळून, पातळ करून, ब्रश धुऊन शेजारी ठेवलेले होते. पोरगा काय करील याची तात्यांना पहाटेपासूनच खात्री होती, आणि शंका घेणारी मीच होते. डबे उचलताना माझे डोळे भरून आले. ते टर्पेंटाइनमुळं नव्हतं.

बाहेर आले तोवर ऊस उतरला होता. पुतण्यानं वरून विचारलं, "तात्या, आजून काडू का?" कित्येक आठवड्यांत तो पहिल्यांदा थेट बोलला होता.

"एक मोळी," तात्या म्हणाले. त्यांनी नळावर जाऊन हात धुतले. मग चौकटीवर गोल काढला, मोजपट्टी न लावता दोन्ही रेघा ओढल्या, आणि मागच्या बाजूला जाऊन नाव लिहायला बसले. आम्ही सगळे त्यांच्या मागं उभे होतो, पुतण्याही खाली उतरून आला होता. हात अजिबात थरथरत नव्हता.

मुलीच्या वडिलांनी अंगावरचं पाचट झटकलं, टोपी घातली आणि दाराकडं वळून म्हणाले, "अक्का, सैपाकाला लागा. आमी जेवून जातो."

ठरल्याशिवाय मुलीकडचे मुलाच्या घरी जेवत नाहीत, ही आमच्याकडची रीत आहे. वहिनी पदर तोंडाला लावून आत पळाल्या. पुतण्या तिथंच, धुळीनं माखलेला, तात्यांच्या पायाशी वाकला. तात्यांनी डावा हात त्याच्या डोक्यावर ठेवला आणि उजव्या हातानं शेवटचं अक्षर पुरं केलं. मग ब्रश माझ्या हातात देत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले,

"इकल्यालं जहाज आमच्या कंपनीनं परत कदी घेतलं न्हाय, बाई. हे पैलंच."